एमएस्सी प्रोजेक्टला गॅलक्सी घेताय? आयरस की हर्शेल, आधी हे बघा

सोलापूर विद्यापीठात फिजिक्स करणारी पोरं विचारतात की स्टारबर्स्ट (धडाक्यात तारे बनवणाऱ्या) आणि अ‍ॅक्टिव्ह (मधल्या ब्लॅक होलमुळे चमकणाऱ्या) गॅलक्सीवर प्रोजेक्ट करायचाय, डेटा कुठला घेऊ, आणि विचारता विचारताच मोबाईलवर हर्शेल या अवकाश दुर्बिणीचे ते भारी फोटो दाखवतात. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं असतं की ओ. माझं मत उलटं आहे, बहुतेकांना आयरस ही जुनी अवकाश दुर्बीणच पुरते. दोन्ही फार-इन्फ्रारेडमध्ये बघणाऱ्या.

फार-इन्फ्रारेडच का? नवे तारे धुळीत जन्मतात, त्यांचा अल्ट्राव्हायोलेट उजेड धूळ पिऊन घेते आणि तीच ऊर्जा ६०-१०० मायक्रॉनच्या आसपास बाहेर टाकते, मे महिन्यात आपला स्लॅब दिवसभर तापून रात्री जेवणं झाल्यावरही धग सोडत बसतो ना, तसं. ब्लॅक होलजवळची धूळ बरीच जास्त गरम, म्हणून तिचा जोर २५ मायक्रॉनकडे. जमिनीवरून हे दिसत नाही, हवेतली वाफ अडवते, म्हणून सॅटेलाइट लागतो (मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्याला एक मीटरची दुर्बीण बांधून उडवलीये, पण तिचं काम जास्त करून आपल्याच आकाशगंगेतल्या ढगांवर).

आयरस १९८३ चं. दुर्बीण जेमतेम ६० सेंटिमीटरची, दहा महिन्यांत हीलियम संपलं आणि विषय संपला, पण तेवढ्यात ९६ टक्के आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनला बघून झालेलं. त्यातल्या ब्राइट गॅलक्सींची २००३ ची सुधारित यादी म्हणजे ६२९ गॅलक्सींचं एक टेबल, कॉलेजच्या जुन्या पीसीवरही उघडतं. २५ मायक्रॉनचा फ्लक्स (म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारा उजेड) भागिले ६० चा काढा. एनजीसी १०६८ या अ‍ॅक्टिव्ह गॅलक्सीला ८८ भागिले १९६, म्हणजे ०.४५. आर्प २२० ला ८ भागिले १०४, ०.०८ पण नाही. ०.२ च्या वर गेलं की 'वॉर्म', म्हणजे एजीएनचा (अ‍ॅक्टिव्ह गॅलक्सीच्या मधल्या ब्लॅक होलच्या भागाचा) संशय. आता एम ८२ घ्या, ३३३ भागिले १४८०, आलं ०.२२! आणि ती तर अस्सल स्टारबर्स्ट. व्हायवाला नेमकं इथंच धरतील, आणि मला विचाराल तर खरा प्रोजेक्ट इथूनच सुरू होतो. मग १.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ फ्लक्स जोडायचा, एनव्हीएसएस या रेडिओ सर्व्हेमधून फुकट मिळतो. तारे बनवणाऱ्या गॅलक्सीत फार-इन्फ्रारेड भागिले रेडिओ या गुणोत्तराचा लॉग, ज्याला क्यू म्हणतात, २.३ च्या आसपास राहतो, तो १.६ च्या खाली आला म्हणजे रेडिओ पाचपट जास्त, तिथं एजीएन पकडला. रेडिओत गप्प बसणारे मात्र यातूनही निसटतात.

हर्शेल, २००९ ते २०१३, आरसा ३.५ मीटरचा, ७० ते ५०० मायक्रॉन सहा बँड. खरा फरक नजरेचा. आयरसला ६० मायक्रॉनला दीडेक आर्कमिनिटाच्या (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा) आतलं सगळं एकच, हर्शेल ७० ला सहा आर्कसेकंदांपर्यंत जातं. एनजीसी १०६८ मध्ये केंद्रापासून साधारण १५ आर्कसेकंदांवर तारे बनवणारी रिंग आहे, आयरसला ती आणि मधला एजीएन मिळून एक ठिपका, हर्शेलला वेगळी दिसते. म्हणजे एकाच गॅलक्सीत ऊर्जा कुठून येते हा प्रश्न असेल तर हर्शेलला तोड नाही. पण २५ मायक्रॉन त्याच्याकडे नाहीच, गरम धुळीसाठी परत आयरस नाहीतर नासाच्या स्पिट्झर दुर्बिणीकडे जावं लागतं, आणि पूर्ण आकाशही नाही, निवडक तुकडे. कच्च्या डेटावर हाईप (हर्शेलचं सॉफ्टवेअर) चालवायचं तर रॅम भरपूर लागते, हॉस्टेलच्या लॅपटॉपवर नको बे. तयार मॅप उचला, किंवा गोल्स या इन्फ्रारेडमध्ये तेजस्वी गॅलक्सींच्या सर्व्हेतल्या दोनशेच्या आसपास गॅलक्सींचे हर्शेल फ्लक्स २०१७ पासून टेबलात तयार आहेत ते.

तिसरा पर्याय जपानचा सॅटेलाइट अकारी, २००६ चा, ६५ ते १६० मायक्रॉन, जवळजवळ पूर्ण आकाश. एकटा घेऊ नका, आयरसला जोड म्हणून मस्त, १०० मायक्रॉनच्या पुढं फ्लक्स कसा उतरतो ते त्याने कळतं.

एका सेमिस्टरचं काम, पायथन जेमतेम येतंय, गाईडही या फील्डमधले नाहीत, तर आयरस आणि एनव्हीएसएस. पुढं पीएचडीचं डोक्यात असेल, हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाऊन कोणाला विचारायची तयारी असेल तर एकच गॅलक्सी आणि हर्शेल. आणि ६२९ च्या पुढं जाऊन आयरसचा फेंट सोर्स कॅटलॉग (अंधुक वस्तूंची यादी) उघडलात तर क्वालिटी फ्लॅग १ वाले आकडे म्हणजे फक्त वरची मर्यादा, डिटेक्शन नाही, गुणोत्तर काढायच्या आधी ते गाळून घ्या.