अँड्रॉइडवर फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन : घ्यावं, पण दोन सेटिंग्ज समजून

एप्रिल लागला की नागपुरात कूलरची शोधाशोध सुरू होते. सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानाची साइट उघडून भाव पाहिले, की नंतर बातम्या वाचतानाही कूलरच समोर येतात. दोन्ही साइटवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड असतो आणि त्याची कुकी, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी ओळखनोंद, माणूस तोच असल्याचं कंपनीला कळवते.

फायरफॉक्स हा ब्राउझर नेमका इथेच घाव घालतो. प्रत्येक साइटच्या कुकीज तो वेगळ्या डब्यात ठेवतो. दुकानाच्या डब्यातली कुकी बातम्यांच्या पानावरून वाचता येत नाही. डेस्कटॉपवर ही सोय जून २०२२ पासून आपोआप चालू असते, आता फोनवरही आहे.

फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी, टाकता येत नाहीत. फायरफॉक्समध्ये मेनूतून ‘एक्स्टेन्शन्स’ उघडून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर (पाळत ठेवणारा कोड) अडवणारं एक्स्टेन्शन घ्या. ट्रॅकरच्या फाइली उतरतच नाहीत, त्यामुळे डेटाही वाचतो. काय अडवायचं याच्या त्यातल्या सुरुवातीच्या याद्या पुरेशा आहेत. हौसेनं आणखी जोडल्या की साइट मोडायला लागतात.

फायरफॉक्सची स्वतःची पाळत रोखणारी सेटिंग, ‘एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन’, मात्र ‘स्टँडर्ड’वरच ठेवावं. वेगळे डबे त्यातही मिळतात. ‘स्ट्रिक्ट’मध्ये कधी लॉगिन अडतं, कधी व्हिडिओ, आणि ट्रॅकर अडवायला यूब्लॉक आहेच. वीजबिल भरताना पेमेंटचं पान कोरं राहिलं, तर आधी पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला का ते बघा. आला नसेल तरच यूब्लॉकचं पॉवर बटण त्या साइटपुरतं बंद करून पुन्हा भरा.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘डिलीट ब्राउझिंग डेटा ऑन क्विट’ या सेटिंगबद्दल होतो. ती चालू केली की मेनूत ‘क्विट’ येतं, आणि ते दाबलं तरच कुकीज पुसल्या जातात. अ‍ॅप नुसतं वर सरकवून बंद केलं तर सगळं जागच्या जागी राहतं. घरात एक फोन तिघं वापरत असतील, तर हे तिघांनाही दाखवून ठेवा. उघडी पानं हवी असतील तर त्याच यादीतली ‘ओपन टॅब्ज’ची खूण काढा.

आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, यानं लपत नाही, प्रायव्हेट टॅबमध्येही नाही. खरेदीच्या अ‍ॅपमधली पाळत तर ब्राउझरच्या हाताबाहेरची. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’, मग ‘अ‍ॅड्स’मध्ये जाऊन ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ करा. आणि फायरफॉक्सला डीफॉल्ट ब्राउझर करायला विसरू नका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत्येक लिंक जुन्याच ब्राउझरमध्ये उघडत राहील.