बारमधील मेटल पॅनेल : एक पावसाळा काढल्यानंतर

पणजीत मांडवीच्या काठाजवळ असलेल्या आमच्या बार-रेस्टॉरंटमध्ये तीन प्रकारची मेटल पॅनेल बसवून आता एक पूर्ण पावसाळा आणि पर्यटनाचा एक हंगाम उलटला आहे. काउंटरच्या दर्शनी भागाला पीव्हीडी प्रक्रियेने, म्हणजे निर्वातात वाफेच्या रूपात अतिशय पातळ थर चढवून, सोनेरी केलेले स्टेनलेस स्टील, बाटल्यांमागच्या भिंतीला पितळ आणि छताला व डीजेसमोरच्या भिंतीला छिद्रांचा पत्रा, अशी ही मांडणी आहे. नवेपणी तिन्ही सारखीच देखणी होती. वापरात मात्र कोणते पॅनेल हाताच्या, पाण्याच्या आणि आवाजाच्या किती जवळ आहे, यावरच त्याचे टिकणे ठरले.

सर्वांत अधिक समाधान छिद्रांच्या पत्र्याने दिले. सपाट पत्रा आवाज शोषत नाही, परतवतो, आणि समोरासमोरच्या भिंतींवर तो लावला तर गर्दीच्या वेळी शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. आमच्या पत्र्यामागे ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी तंतूंची लोकर, असून त्याचे तंतू बाहेर पडू नयेत म्हणून काचतंतूंचे काळे कापड ताणलेले आहे. त्यामुळे संगीत चालू असतानाही वेटरला ऑर्डर पुन्हा विचारावी लागत नाही. रॉकवूल जळत नाही, हेही ते निवडण्याचे मोठे कारण होते. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिल परिसराच्या आगीत १४ जीव गेले, आणि तेव्हापासून सजावटीच्या आत काय भरले आहे हे पाहिल्याशिवाय कोणत्याही मालकाने कामाला होकार देऊ नये, असे मला कळकळीने वाटते. ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल बाहेरून धातूचेच दिसते, पण त्याच्या स्वस्त प्रकारात मधला थर पॉलिथिलीनचा, म्हणजे पेट घेणाऱ्या प्लास्टिकचा असतो.

बेसचा आवाज वाढला की सैल पत्रा थरथरतो. फ्रेम आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी घातल्यावर ही तक्रार संपली.

काउंटरच्या सोनेरी पॅनेलचा रंग जराही उतरलेला नाही, परंतु त्याची निगा रोज राखावी लागते. मार्गारिटाच्या ग्लासच्या कडेचे मीठ आणि पिळलेल्या लिंबाचा रस खाली ओघळतो, रात्रभर तसाच वाळतो आणि सकाळी पांढुरका माग दिसतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके एवढ्याने तो निघतो. फरशीचे ॲसिड किंवा ब्लीच मात्र पॅनेलला लावू तर नयेच, बंद खोलीत त्याची वाफही कोंडू देऊ नये, कारण क्लोराइड हा स्टेनलेस स्टीलचा खरा शत्रू आहे. पहिल्या पावसातच काही स्क्रूंखाली तपकिरी ओघळ उतरले. पत्रा ठरल्याप्रमाणे स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडचाच होता, पण ठेकेदाराने स्क्रू साध्या लोखंडाचे वापरले होते, आणि ते सर्व बदलून घेण्यासाठी त्याच्याकडे बराच पाठपुरावा करावा लागला. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर बसवायचे असेल तर मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले ३१६ ग्रेडचे स्टील घेणेच योग्य. ग्रेड ओळखण्यासाठी चुंबक लावून पाहण्याची पद्धत येथे फसवी ठरते, कारण स्वस्त २०२ ग्रेडलाही ३०४ प्रमाणेच चुंबक सहसा चिकटत नाही. त्याऐवजी पोलाद कारखान्याचे ग्रेडचे प्रमाणपत्र (मिल सर्टिफिकेट) मागावे.

पितळेवर लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, असल्यामुळे ते अजून उजळ आहे, फक्त कडेला जिथे लॅकर उचलले गेले तिथे काळपटपणा आला आहे. अशा पितळेला घरच्यासारखी चिंच लावू नये.

प्रकाशाचा विचार आधीच व्हायला हवा. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात सोनेरी पत्रा अप्रतिम खुलतो; निळ्या दिव्यात तोच मलूल दिसतो, कारण सोनेरी पृष्ठभाग निळा प्रकाश बराचसा शोषून घेतो. आम्ही काउंटरवरचे निळे दिवे काढून टाकले.

पीव्हीडीचा थर अत्यंत पातळ असल्याने खोल ओरखडा बफिंग करून, म्हणजे यंत्राने घासून-चकाकवून, घालवता येत नाही, बफिंगने रंगच निघून जातो. म्हणून अखंड लांब पत्र्याऐवजी लहान तुकड्यांत काम करून घ्यावे आणि त्याच खेपेतील दोन-तीन तुकडे जादा ठेवावेत. पुढच्या खेपेची छटा जुळेलच याची हमी कोणी देत नाही.