सेप्सिसचा आगाऊ इशारा देणारी प्रणाली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या अतिदक्षता विभागात गेले आठ महिने सेप्सिसचा (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेचा) आगाऊ इशारा देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली वापरात आहे. मॉनिटरवरचे आकडे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि परिचारिकांच्या नोंदी एकत्र करून ती प्रत्येक रुग्णाला धोक्याचा एक अंक देते, आणि तो मर्यादेबाहेर गेला की ड्यूटीवरील डॉक्टरच्या फोनवर इशारा येतो. अंक का वाढला याची कारणे शेजारीच दिसतात, ही सोय खरोखर कामाची आहे.

अडचण आहे ती अंकाला पुरवल्या जाणाऱ्या माहितीची. एका रात्री सात नंबरच्या खाटेवरील, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे लॅक्टेट (ऊतींना प्राणवायू कमी पडू लागल्यावर रक्तात वाढणारे द्रव्य) 2.1 वरून 3.4 वर गेले होते आणि लघवी तीन तास जवळजवळ थांबली होती, तरी अंक हिरवाच होता. लघवीचे मोजमाप आमच्याकडे दर तासाला कागदी तक्त्यावर लिहिले जाते व पाळी संपताना संगणकात भरले जाते; तोवर रिकामा राहिलेला रकाना प्रणाली 'नॉर्मल' धरत होती. गुडघ्यांवरची कातडी जाळीदार, निळसर झाल्याचे सिस्टरांनी पाहिले आणि मला बोलावले. या लक्षणासाठी प्रणालीत रकानाच नाही.

उलट प्रकारही घडतो. चादर बदलताना रक्तदाब मोजणारा संवेदक (ट्रान्सड्यूसर) हृदयाच्या पातळीच्या वर गेला की दाब खोटाच कमी दिसतो आणि लगेच इशारा वाजतो. शिवाय रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी) पाठवल्यावरही अंक वाढतो. म्हणजे शंका आम्हीच घ्यायची आणि तिचीच आठवण आम्हाला करून द्यायची, असला हा आगाऊपणा!

हे केवळ आमचेच रडगाणे नाही. रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक या अमेरिकी कंपनीच्या सेप्सिस मॉडेलची मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा त्याने सेप्सिसच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांबाबत इशाराच दिला नव्हता, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी 18 टक्के रुग्णांसाठी इशारे दिले होते, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

सलाइन आणि रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनची मात्रा सुचवणारा भाग मी पहिल्याच आठवड्यात बंद करवला. जास्त मात्रा मुळात अत्यवस्थ रुग्णांनाच दिली जाते आणि तेच अधिक दगावतात. जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या यंत्राला यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सहज उलगडत नाही.

तरीही रात्रपाळीत, दहा खाटांमागे एकच निवासी डॉक्टर असताना, नव्या सिस्टरांना वरिष्ठांना उठवायला या अंकाचा आधार वाटतो, आणि तेवढ्यासाठी तरी मी इशाऱ्याचा भाग पुढेही चालू ठेवण्याच्या बाजूने आहे. मात्र न भरलेला रकाना रिकामाच दिसला पाहिजे आणि इशाऱ्याची मर्यादा आमच्याच रुग्णांच्या नोंदी तपासून ठरली पाहिजे, या दोन अटी आम्ही कंपनीला लेखी कळवल्या आहेत.