तेवीस माणसं, बारा गाद्या आणि भाड्याच्या भांड्यांचं दुकान

गेल्या मे महिन्यात साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या दोन खोल्या, एक हॉल आणि गच्ची एवढ्या घरात तेवीस माणसं राहिली. सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. इंदूरहून मोठ्या नणंदबाईंचे पाच, ठाण्याहून दिरांचे चौघं, बेळगावहून धाकट्या नणंदेचे चौघं, चुलत सासू-सासरे, सांगलीहून माझी बहीण, भावजी आणि भाची, आणि आम्ही घरचे पाच. कुणालाही लॉजवर उतरवायचं नाही, हे सासूबाईंनी पाडव्यालाच सांगून टाकलं होतं. "माझी माणसं माझ्या छताखाली झोपतील," एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर कोण बोलणार?

छत होतं, अंथरूण नव्हतं. म्हणून मी या दुकानात गेले. गाद्या, भांडी, कूलर, सतरंज्या भाड्याने देणाऱ्या दुकानाबद्दल कुणी सविस्तर लिहीत नाही. लग्न झालं की जो तो विसरून जातो. मला लिहावंसं वाटतंय, कारण तो महिना नीट पार पडला यात या दुकानाचा मोठा वाटा आहे.

आधीचा एक अनुभव सांगते, म्हणजे मी एवढी चौकस का झाले ते कळेल. काही वर्षांपूर्वी दिवाळीत दुसऱ्या एका मंडपवाल्याकडून सहा गाद्या आणल्या होत्या. दुसऱ्या रात्री धाकटी जाऊ उठून बसली, अंगावर लाल गांधी. ढेकूण! गाद्या गेल्या पण ढेकूण राहिले, पलंगाच्या फटीत गरम पाणी ओतता ओतता मार्गशीर्ष उजाडला. तेव्हापासून भाड्याची गादी घ्यायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून या वेळी दुकानात शिरल्याबरोबर दुकानदार काकांना म्हटलं, मला शिवणी बघू द्या. ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतः एक गादी उजेडात ओढली, खोळ काढली आणि कडेची शिवण दोन बोटांनी उलटी करून दाखवली. "बाई, काळे ठिपके दिसले तर गादी घ्यायचीच नाही. माझी असली तरी." मी शाळेत शिकवते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण पहिल्या वाक्यापासून मी 'बाई'च होते.

मग त्यांनी विचारलं, "म्हातारी माणसं किती? पोरं किती? गच्चीवर कोण झोपणार?" गादीच्या दुकानात असे प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारले. म्हाताऱ्यांना जुनी, दबून घट्ट झालेली गादी द्यायची, नव्या फुगीर गादीत कंबर रुतते आणि उठताना हाताला आधार मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गच्चीसाठी गडद खोळीच्या, म्हणजे मुलांच्या पायांचा मळ दिसत नाही. त्यांच्याकडच्या गाद्या कापसाच्या आहेत, फोमची एकही नाही. दरवर्षी दिवाळीनंतर कापूस पिंजून घेतात, उन्हात टाकतात, पुन्हा भरून टाके घालतात. प्रत्येक गादीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने आकडा शिवलेला. चिठ्ठीवर आमच्या बारा गाद्यांचे आकडे लिहिले होते: ३, ४, ७, ११ असे सुटे सुटे. आकडा का, तर परत येताना दुसऱ्याची गादी येऊ नये म्हणून आणि कुठली गादी कुठल्या घरी गेली होती हे कळावं म्हणून.

उशा बाराच सांगितल्या होत्या, पण दोन उशांना तेलाचा उग्र वास येत होता. अभ्रे धुतलेले होते, वास आतल्या कापसाचा. फोन केला, संध्याकाळी पोरगा येऊन बदलून गेला. कूलरचा पंप मात्र चौथ्या दिवशी बसला आणि दोन दिवस नुसता पंखाच फिरत राहिला. त्या दोन दिवसांचं भाडं त्यांनी लावलं नाही, पण हॉलमध्ये झोपलेल्या सातजणांचे हाल व्हायचे ते झालेच. सातारा म्हणजे थंड हवा असं बाहेरच्यांना वाटतं. मेमधल्या दुपारी इथे येऊन बघावं.

एक पातेलं ठरल्यापेक्षा जास्त आलं आणि त्याने आम्हाला वेगळंच काम लावलं. सासूबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, एवढी हाताखाली माणसं आणि एवढं पातेलं पुन्हा मिळायचं नाही, कुरडया घालू. गहू भिजत पडले. तीन दिवस रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढला आणि पहाटे पाचला गच्चीवर शेगडी पेटली. चीक घाटायला ताकद लागते, हात थांबला की गुठळी झालीच. इंदूरच्या नणंदबाईंचे मिस्टर, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बनियनवर उभे राहून तो लाकडी दांडा फिरवत होते आणि सासूबाई त्यांना "जावईबापू, तळापासून" म्हणत होत्या. मुलांना वाटीत गरम चीक, वर दूध आणि साखर. सोऱ्यावर पाळीपाळीने सगळ्या बायका बसल्या. दहा वाजेपर्यंत साड्यांवर साडेतीनशे कुरडया. पातेल्याचं भाडं विचारलं तर काका म्हणाले, "कुरडयांचं भाडं असतं होय? चार आणून द्या तळून." मी वीस दिल्या.

पाहुण्यांना घरात बसवून ठेवणं शक्यच नव्हतं. कोरेगावजवळ माझ्या भावाचं शेत आहे, विहिरीला मेमध्येही दोन पुरुष पाणी असतं. इंदूरच्या अकरा वर्षांच्या भाच्याला भावाने तिथे पोहायला शिकवलं, पाठीला रिकामा डबा बांधून, आम्ही शिकलो तसंच. पहिल्या दिवशी तो पायरी सोडेना. पाचव्या दिवशी डबा सोडला आणि या काठावरून त्या काठावर गेला. त्याची आई वर कठड्याशी डोळे मिटून उभी होती. त्या रात्री कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी आणि भात केला, तेवीस जणांना पुरून उरली, ती या दुकानाच्याच टोपात.

साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारा मोटेची विहीर दाखवायला नेलं. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, ११० फूट खोल. पायऱ्या उतरून आतल्या कमानीत गेलं की बाहेरचं ऊन आठवतही नाही. वर बारा मोटा एकाच वेळी चालायची सोय बघून बेळगावचे भावजी अर्धा तास तिथून हलेनात.

वासोट्याच्या किल्ल्यावर नऊ जण गेले आणि तिथे या दुकानाच्या कडीच्या स्टीलच्या डब्यांचा खरा उपयोग झाला. बामणोलीतून वनखात्याची परवानगी घ्यायची, मग दीडेक तास लाँच, मग जंगलातली चढण. जंगलात शिरताना प्लास्टिकची मोजणी होते. आमच्याकडे एकही पिशवी नव्हती, पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, सगळं डब्यांत. डबे न्या, असं सुचवलं होतं काकांनीच. माझी मुलगी बारावी झाली, निकाल आदल्याच आठवड्यात लागला होता. आई-बाबांशिवाय ती पहिल्यांदाच गडावर गेली, तेही सगळ्यांच्या पुढे. परत आली ती ओरखडलेल्या पोटऱ्या आणि घामाने पांढरा झालेला शर्ट घेऊन. मला म्हणाली, "आई, वरून कोयनेचं जंगल दिसतं, त्याला शेवटच नाही." तिला इतकं भरभरून बोलताना मी दहावीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही बाकीचे बामणोलीच्या काठावर सतरंजी टाकून बसलो. सासूबाईंचं माहेर जावळीतलं. कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या लहान होत्या, गाव उठलं आणि त्या पुन्हा कधी त्या बाजूला गेल्या नाहीत. मेमध्ये धरणाच्या जलाशयाचं, शिवसागराचं, पाणी खाली जातं, काठाची लाल माती पट्ट्यापट्ट्याने उघडी पडते. दिरांनी एक होडी सांगितली आणि आईंना हाताला धरून बसवलं. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर त्यांनी नावाड्याला गावाचं नाव सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं आणि नुसता हात केला, तिकडे. त्या काही बोलल्या नाहीत. ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. परत आल्यावर सतरंजीवर आडव्या झाल्या आणि तासभर गाढ झोपल्या.

आता तक्रार. ती लिहिली नाही तर हे खरं लिहिणं होणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी स्वयंपाकाची मोठी भांडी सकाळी सहाला हवी होती. चिठ्ठीवर सहा लिहिलं होतं, आदल्या दिवशी फोनवरही सहाच ठरलं. टेम्पो आला पावणेआठला. आठला होम सुरू व्हायचा, ऐंशी माणसांचं जेवण, आणि आचारी कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेला. मी शेजारच्या चार घरांतून कुकर गोळा केले, वरणाची डाळ त्यात लावली. त्या पावणेदोन तासांत मला जो ताप झाला तो मी विसरणार नाही. झालं असं, की आदल्या रात्री दुसऱ्या एका लग्नातून भांडी उशिरा परत आली आणि ती घासायला वेळ गेला. काका स्वतः टेम्पोत बसून आले होते, हात जोडून म्हणाले, "चूक माझी. खरकटी भांडी पाठवली असती तर सहाला आली असती, पण ते मला जमलं नसतं." मी त्यांना बरंच सुनावलं. ते ऐकून घेत उभे राहिले आणि मग टोप उतरवायला लागले. कार्य असलेल्या घरांनी भांडी आदल्या संध्याकाळीच घरात घ्यावीत, एक दिवसाचं भाडं जास्त गेलं तरी चालेल.

कार्यक्रम मात्र देखणा झाला. पाच परातींत मिळून एक्याऐंशी दिवे लावले आणि लेकी-सुनांनी, नातींनी ओवाळलं. सकाळी मुलीने सासऱ्यांना दुकानाच्या चिठ्ठीमागेच हिशोब करून दाखवला होता: ऐंशी वर्षांच्या ९६० पौर्णिमा, अधिक महिन्यांच्या तीसेक, आणि वरचे दहा महिने. सासऱ्यांचा जन्म आषाढातला, त्यामुळे हिशोब बरोबर मे महिन्यात बसत होता. त्यांनी ती चिठ्ठी खिशात ठेवली. परतीच्या दिवशी मला ती मागून घ्यावी लागली, कारण गाद्यांचे आकडे तिच्यावर होते.

पैशांचं स्पष्ट सांगते. गादी, उशी, चादर मिळून रोजचे ३० रुपये, आठ दिवसांनंतर २०. बारा संच एकोणीस दिवस, म्हणजे ५,५२०. कूलर रोजचे ८० प्रमाणे सतरा दिवसांचे १,३६०. भांडी, डबे, सतरंज्या मिळून १,१००. टेम्पोचे ६०० ठरले होते, उशिराबद्दल त्यांनी आपणहून ३०० सोडले. एकूण ८,२८०. अनामत ३,००० होती. एक झारा सापडत नव्हता, त्याचे १८० कापले. आठ दिवसांनी तो कुरडयांच्या डब्यामागे सापडला, नेऊन दिला तर त्यांनी १८० तिथल्या तिथे परत केले आणि वहीत खोडून सही घेतली.

हे दुकान मी कुणालाही सांगेन. मे महिन्याच्या तारखा असतील तर पाडव्याच्या आसपासच नाव लिहून ठेवा. शिवणी स्वतः बघा, काका बघू देतात. उशीचा वास घ्या. भांड्यांची वेळ पक्की धरू नका.

सात नंबरच्या गादीचं राहिलंच. सासऱ्यांची कंबर दोन वर्षं धरलेली. घरात फोमची महागडी गादी आहे, तिच्यावर ते रात्रभर कूस बदलत असतात. पाहुणे आल्यावर पहिल्याच रात्री नातवंडांनी त्यांना गच्चीवर ओढून नेलं. त्यांच्या वाट्याला आली ती सात नंबरची, जुनी, घट्ट. यवतेश्वराच्या डोंगराकडून पहाटे वारा सुटतो, मुलं आबांच्या दोन्ही बाजूंनी चिकटून, आणि सहा वाजता मी चहा घेऊन गेले तरी ते झोपलेले. एकोणीस दिवस ते तिथेच झोपले. गाद्या परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी हळूच मला म्हणाले, "सूनबाई, ती सात नंबरची विकत देतील का, विचारशील?"

काकांनी ती विकली नाही. "ती माझ्या वडिलांनी भरलेली आहे, बाई. तसलीच भरून देतो." आठ किलो कापूस, त्याहून जास्त नको, जास्त भरला की गोळे होतात, असं म्हणाले, आणि टाके जवळजवळ घालायला पिंजाऱ्याला बजावून सांगितलं. मजुरी धरून २,२०० रुपये पडले. जूनच्या पहिल्या आठवड्यात गादी आली. सासऱ्यांनी हाताने दाबून बघितली आणि मुलीला लाल दोरा आणायला सांगितला. कोपऱ्यात सातचा आकडा तिनेच शिवला. पाऊस लागलाय म्हणून गच्चीवर अजून घातलेली नाही.