कृष्णमूर्ती, स्टायनर की कोपऱ्यावरची शाळा?

मुलांना 'आध्यात्मिक' शाळेत घालायचं ठरवणाऱ्या पालकांना एक गोष्ट उशिरा कळते: या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळांचं आपसात फारसं जमत नाही. आणि मधूनच शाळा बदलावी लागली तर मुलाचं काय होणार, याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं मिळतं.

राजगुरुनगरजवळच्या डोंगरावरची सह्याद्री स्कूल बघा. १९९५ सालची, तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचारांची निवासी शाळा. इथे स्तोत्रं आणि संस्कारवर्ग शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. ज्या माणसाने १९२९ मध्ये स्वतःसाठी उभारलेली संघटनाच विसर्जित केली, त्याच्या शाळेत गुरुपौर्णिमेचा थाट कसा असेल? बक्षिसं नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत, याच परंपरेच्या जुन्या शाळेत, मुलं संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे बघत गप्प बसतात. त्याला 'अस्ताचल' म्हणतात. मला विचाराल तर अध्यात्म एवढं पुरे. दहावी मात्र दोन्हीकडे आयसीएसईची, त्यामुळे पुढची कॉलेजं बंद होत नाहीत. खर्च मोठा, आणि लेकरू घरापासून लांब.

वॉल्डॉर्फ शाळांचा जन्म १९१९ साली श्टुटगार्टमध्ये, चक्क सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी झाला. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांची ही पद्धत आपल्याकडे मुंबईच्या 'त्रिधा'सारख्या शाळांत दिसते. दुधाचे दात पडू लागेपर्यंत अक्षरांची घाई नाही. रोज सकाळी तीन-चार आठवडे एकच विषय, मग दुसरा. मुलगेही विणकाम करतात. शक्यतो एकच वर्गशिक्षक पहिलीपासून आठवीपर्यंत सोबत राहतो. शिक्षक जमला तर सोनं. नाही जमला तर आठ वर्षं फार मोठी असतात! स्टायनर पुनर्जन्म मानत. ते मुलांना शिकवलं जात नाही, पण पद्धतीच्या मुळाशी ते आहे, हे माहीत असलेलं बरं. खरी अडचण बदलीची नोकरी असणाऱ्यांची. मुलाच्या सातव्या वर्षी दुसऱ्या गावी साध्या शाळेत गेलात, तर वर्गातल्या बाकीच्यांची बाराखडी झालेली असते आणि तुमच्या मुलाच्या हातात विणायच्या सुया असतात.

सगळ्यात टोकाला पाँडिचेरीचं अरविंद आश्रमाचं शिक्षणकेंद्र, १९४३ पासूनचं. परीक्षा नाही, पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. गणित आणि विज्ञान फ्रेंचमधून. ते मनापासून आवडणाऱ्यांना सल्ल्याची गरज नसते.

आणि कोपऱ्यावरची शाळा? संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचा २८वा अनुच्छेद सांगतो. पण परिपाठाची प्रार्थना, सुविचार आणि दोन मिनिटांचं मौन तिथेही असतंच. शिवाय रिक्षावाल्याची, डॉक्टरची आणि भाजीवालीची पोरं एका बाकावर बसली, तर तोही एक संस्कारच. डोंगरावरच्या महागड्या शाळेला तो सहसा जमत नाही. मधला रस्ता हवा असेल तर पुण्यात ज्ञानप्रबोधिनी आहे. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या या संस्थेच्या प्रशालेत उपासनाही आहे आणि बोर्डाची परीक्षाही. मात्र प्रवेश परीक्षा देऊन मिळतो, म्हणजे स्पर्धा दारातच भेटते.

बदली होणार नसेल, घरातला टीव्ही बंद ठेवायची तयारी असेल आणि मूल लहान असेल, तर मी वॉल्डॉर्फ बघेन. बारा-तेरा वर्षांचं, सतत 'का?' विचारणारं मूल असेल तर सह्याद्री. यातलं काहीच नक्की नसेल तर जवळची चांगली मराठी शाळा, आणि संध्याकाळ मोकळी. बोर्ड नसलेली शाळा निवडलीत, तर दहावीसाठी एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) किंवा बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे; त्याची माहिती सातवीतच काढून ठेवा.

शाळा बघायला गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवून एवढंच विचारा: इथून मध्येच निघालेली मुलं कुठे गेली, आणि त्यांच्या पालकांशी आम्हाला बोलता येईल का?