स्तोत्र ४२: संथ सुरांत की मूळ लयीत?

डच चर्चमध्ये बायबलमधलं ४२वं स्तोत्र, देवासाठी तहानलेल्या जिवाची प्रार्थना, दोन तऱ्हांनी गायलं जातं. चाल एकच, जिनिव्हातली, १५५१ची, संगीतकार लुई बूर्ज्वा यांच्या नावावर असलेली. फरक सगळा लयीचा.

जुन्या वळणाच्या रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांमध्ये प्रत्येक सूर सारख्याच लांबीचा आणि अतिशय संथ असतो. स्तोत्राच्या १७७३च्या डच पद्यानुवादात शिकाऱ्यांपासून निसटलेलं हरीण पाण्यासाठी धापा टाकतं. संथ लयीत ती धाप ऐकू येत नाही, पण तहान किती लांबलीये ते कळतं. पुरुषांचा कॉयर आणि खाली ऑर्गन असेल तर ओळीच्या शेवटचा सूर छातीत घुमतो.

मूळ लयीत दोनच मापं आहेत, लांब आणि आखूड. ओळ लांब सुराने सुरू होते, मध्ये आखूड सूर पळतात, शेवटी पुन्हा थांबा. इथे हरीण खरोखर धावतं. विसाव्या शतकात अनेक मंडळ्या या लयीकडे परतल्या.

स्वरांचं म्हणाल तर चाल आयोनियन मोडमधली (मोड म्हणजे जुनी स्वरसप्तकं), म्हणजे आजच्या पाश्चात्य मेजर या उजळ सप्तकासारखी. एवढी व्याकुळ प्रार्थना उजळ स्वरांत! जलद गायनात हा उजेड लगेच जाणवतो, संथ गायनात तो हळूहळू झिरपतो. इतर काही स्तोत्रांत मात्र संथ गाणारे जुन्या मोडमधला एखादा सूर अर्ध्या स्वराने चढवतात आणि चालीचा रंगच पालटतो. ते मला खटकतं.

रोज ऐकायला मी मूळ लय निवडेन. पण मन जड असेल त्या रात्री संथच.