तळपायाची जखम: प्लास्टर घालावं की काढता येणारा बूट?

मधुमेहात तळव्याला जखम झाली की घरात चर्चा सुरू होते ती मलमाची. आमच्या अप्पांच्या अंगठ्याखालच्या जखमेवर दोन महिने हेच चाललं होतं. जखम रुपयाच्या नाण्याएवढी, कडेला पांढरट जाड घट्टा, आणि दुखणं अजिबात नाही. दुखत नव्हतं म्हणूनच ते दिवसभर त्याच पायावर भार देऊन चालायचे. हा भार निघाल्याशिवाय बधिर पायाची जखम कुठल्याच मलमाने भरत नाही.

भार काढायचे मुख्य मार्ग दोन. एक, गुडघ्याच्या खालपर्यंत पायाला अंगासरशी बसणारं प्लास्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. दुसरा, पट्ट्यांचा उंच बूट, जो हवा तेव्हा काढता येतो.

निवडण्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे घोट्याजवळ मोजलेला रक्तदाब फसवा, चांगला दिसू शकतो; पायाच्या बोटाचा दाब मोजता येईल का, हे डॉक्टरांना विचाराच. पाय थंड, बोट काळपट, पू, दुर्गंधी, वर चढणारी लाली किंवा ताप असेल तर प्लास्टर-बुटाचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता तुलना. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 12 आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे 90 टक्के लोकांच्या जखमा भरल्या, काढत्या बुटात 65 टक्के. बूट भार कमी करतो, पण पायात असला तरच. 2003 च्या एका छोट्या अभ्यासात लोकांची पावलं यंत्राने मोजली, तर दिवसभरातल्या जेमतेम 28 टक्के पावलांना बूट पायात होता. आपल्याकडे तर पायातलं उंबऱ्याशीच सुटतं. अप्पांचा बूट दाराशी चपलांच्या रांगेत उभा असायचा आणि अप्पा अनवाणी देवघरात, रात्री दोनदा संडासला. घरातली पावलं कुणी मोजतच नाही.

प्लास्टर तिथे कामी येतं, कारण ते काढताच येत नाही. कुष्ठरोगाच्या बधिर पायांसाठी डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला हीच पद्धत वापरली होती, पुढे ती मधुमेहाच्या पायाला लागू पडली. त्रास मात्र खरे आहेत. आंघोळीला स्टूल आणि प्लास्टिकची पिशवी, पावसाळ्यात ओलं होण्याची धास्ती, आणि तो पाय उंच झाल्याने कंबर दुखते, म्हणून दुसऱ्या चपलेला जाड तळ लावून घ्यावा. पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत उघडून बघतात, मग साधारण दर आठवड्याला बदलतात. मधे वास आला, डाग दिसला, ताप आला किंवा साखर अचानक चढली तर वाट न पाहता ते उघडायला लावा. आत काही घासत असलं तरी बधिर पाय तक्रार करणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जखम चवड्याखाली, रक्तपुरवठा चांगला, संसर्ग नाही आणि दर आठवड्याला दवाखान्यात जाणं जमतंय, तर प्लास्टर. बसवणारा जाणकार जवळ नसेल तर बुटाभोवती प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न काढता येणारा करून घ्या. निकाल जवळपास तेवढेच चांगले आहेत. अप्पांचं शेवटी असंच केलं. तोल जाणारे, एकटे राहणारे किंवा जखम रोज बघावी लागणारे असतील तर काढता बूट, पण तो घरातही पायात हवा. तळ पुसून घ्या आणि देवघरातही जाऊ द्या.

जखम भरल्यावर जुनी चप्पल पुन्हा घालू नका. वर्षभरात सुमारे 40 टक्के लोकांना जखम परत होते. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) तळाची, मापाने शिवलेली चप्पल घ्या, घरात वापरायला वेगळी एक घ्या, आणि रोज रात्री आरसा धरून तळवा बघा. आमच्याकडे ते काम आता नातीकडे आहे.